तिसऱ्या दिवसानंतरची अळी

अक्का, तुझा जन्म एक जानेवारीचा नाही हे सिद्ध करायला मी परवा आपल्या पुणतांब्याच्या शाळेत गेले होते. आधारवर तुझी तारीख एक जानेवारी पडली आहे. तुझ्या वयाच्या निम्म्या गावाचा जन्म एक जानेवारीचाच आहे, त्यामुळे तुला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण पोस्टाच्या पुस्तकावर वेगळीच तारीख निघाली, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, शाळेचा दाखला आणा. तुझ्या नितीनने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, मावशी, तूच जा, मास्तर लोक तुझं ऐकतात. तू जाऊन पंधरा दिवस झाले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तोंड पाडून बसण्यापेक्षा ते काम बरं, म्हणून मी गेले.

शाळेत काय झालं ते सांगते. पण आधी आपला वाद पुरा करू दे. तो तू मध्येच टाकून गेलीस, आणि अर्धवट टाकलेलं मला चालत नाही हे तुला पुरतं ठाऊक होतं.

वाद तसा एका ओळीचा. राणीमाशी राणी म्हणून जन्मते, की तिला राणी केलं जातं? श्रीरामपूरच्या कॉलेजात मी एकोणतीस वर्षं हाच धडा शिकवते आहे. पोळ्यात राणीही मादी आणि कामकरीही मादी. दोघी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून येतात. राणी दोन-तीन वर्षं जगते आणि अंडी घालते, कामकरी महिना-दीड महिना राबते आणि मरते. पहिले तीन दिवस दोघींनाही तेच दूध मिळतं, ज्याला पुस्तकात रॉयल जेली म्हणतात. तिसऱ्या दिवसानंतर एकीचं दूध चालू राहतं आणि दुसरीला परागकण आणि मधाचा लगदा भरवतात. त्याने जनुकं बदलत नाहीत. जनुकांवर खुणा पडतात, कुठलं उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटून टाकायचं याच्या. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. पोरांना ते झेपत नाही, म्हणून मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. जमीन तीच, गट नंबर तोच, पण 'इतर हक्कां'त एक शेरा पडला की मालकालाही त्या तुकड्याचं काही करता येत नाही. आपल्याकडच्या पोरांना हे लगेच कळतं. इंग्रजी पुस्तकात राणी-कामकरी या भेदाला जो शब्द आहे त्याचं सरळ मराठी 'जात' होतं. तो शब्द वर्गात उच्चारला की मागचे बाक गप्प होतात, म्हणून मी 'कामाची वाटणी' म्हणून वेळ मारून नेते.

तू यातलं काहीही न वाचता हे सगळं हाताने करत होतीस. दाजी गेल्यावर डाळिंबाचा बाग नितीनवर सोपवून तू मधमाश्यांच्या पेट्यांमागे लागलीस, तेव्हा मला वाटलं होतं, दोन महिन्यांचं खूळ आहे. पुढे राहात्यापर्यंतचे डाळिंबवाले आणि पेरूवाले फुलोरा आला की पेट्या भाड्याने न्यायला तुझ्या दारात टेम्पो उभा करायला लागले. पेटीला हात लावण्याआधी तू राखेने हात धुवायचीस. साबणाच्या वासाने माश्या चिडतात, हे तू मला शिकवलंस. मी तर वासाच्या साबणाने हात धुऊन येणारी प्राणिशास्त्राची प्राध्यापक.

राण्या तू स्वतः तयार करायचीस. मोराच्या पिसाचा देठ तासून केलेली तुझी ती सुई. भरल्या चौकटीतून एक दिवसाची अळी उचलायची. ती एवढी बारीक की मेणाच्या घरात दूध आहे की अळी आहे हे कळू नये. ती मेणाच्या वाटीत ठेवायची, अशा वाट्या ओळीने एका पट्टीला उलट्या टांगायच्या आणि ती पट्टी राणी नसलेल्या पेटीत सोडायची. पुढचं दाईमाश्या करतात. वाटी उलटी टांगलेली दिसली की त्या तिला दुधाने भरून टाकतात, आणि बाराव्या दिवशी राणी बाहेर. बारा दिवसांपूर्वी जिच्या नशिबात पाणी आणणं आणि घाण काढणं होतं, तिची राणी. अशा किती राण्या तुझ्या हातून गेल्या असतील, तूच जाणे.

आणि तरीही तू मला म्हणायचीस, "अंडंच येगळं असतंय, शैले. तुमी पुस्तकवाले कायबी म्हना."

मी चिडायचे. म्हणायचे, अगं, तू स्वतः कुठलीही अळी उचलतेस आणि तिची राणी करतेस, मग अंडं वेगळं कुठून आलं? त्यावर तू पेटीकडे बोट दाखवायचीस. एका राणीच्या पोरी, पण एक दारावर राखण करते, एक नुसतीच हिंडते, एक चावरी, एक गरीब. हे कसं? मला मान्य करावं लागायचं की राणी दहा-पंधरा नरांशी जुगते, म्हणजे त्या बहुतेक सावत्र बहिणी असतात आणि बापाकडून आलेल्या जनुकांनी थोडा कल पडतो. तू लगेच म्हणायचीस, मग झालं तर. एकदा मी मोठा गाढवपणा केला. तुला सांगितलं की दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या काही जातींत तर कोण राणी आणि कोण कामकरी हे बरंचसं रक्तावरच ठरतं. आईबाप कुठल्या वाणाचे यावर. त्या दिवसापासून तू ती मुंगी सोडली नाहीस. वादात हरायला आलीस की म्हणायचीस, "तू माशी हायेस, मी मुंगी. मिटला वाद."

वाद माश्यांचा नव्हताच. हे दोघींनाही कळत होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो.

आईचा दमा वाढला त्या वर्षी तू सातवीत होतीस आणि मी पाचवीत. सातवीनंतर तू घरी राहिलीस. भाकरी, शेण, पाणी, आईचा शेक. दोन वर्षांनी माझी सातवी झाली तेव्हा श्रीरामपूरच्या आत्या भावाला, आपल्या दादांना, म्हणाल्या, एका पोरीला मी ठेवून घेते, हायस्कूलला घाला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अक्का गेली नाही तर मीपण जाणार नाही, म्हणून चुलीमागे जाऊन बसले. तू आलीस, माझे केस विंचरलेस, दोन घट्ट वेण्या घातल्यास आणि म्हणालीस की येडे, मी सातवीला नापास झालेय, मला कोण घेतंय हायस्कूलला, माझं डोकंच न्हाई त्यातलं, तुझं हाय. मग तुझी कंपासपेटी माझ्या पिशवीत टाकलीस. नवीकोरी होती. आतला कर्कटक तेलकट कागदात तसाच गुंडाळलेला होता. मी डोळे पुसले आणि दादांबरोबर स्टेशनवर गेले.

तिथून पुढे एका घरातल्या दोन पोरी दोन भाषा बोलायला लागल्या. मी 'नाही' म्हणायला शिकले, तू 'न्हाई'वर राहिलीस. पहिल्या सुट्टीत मी 'पाणी' असं टापटीप म्हणाले तर तू आईला हाक मारून सांगितलंस, बाई आल्या बघ शहरातनं.

म्हणून मी वाद घालायचे. तू नापास झालीस कारण पहाटे पाचला उठून तू दहा भाकरी थापत होतीस, असं माझं म्हणणं. अंडं तेच होतं, खुराक बदलला. तू म्हणायचीस, खुराकाचं काय न्हाई, माझी बुद्धीच तेवढी. आज तुझ्यापाशी खरं बोलते. वाद मी घालायचे, पण मला तो जिंकायचा नव्हता. खुराकाचं खरं मानलं तर तुझ्या वाटणीचं मी खाल्लं असं होतं. अंड्याचं खरं मानलं तर कुणी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. दर वेळी तू 'अंडंच येगळं' म्हणालीस की मी तोंडाने फुरंगटायचे आणि आतून सुटल्यासारखी होऊन श्रीरामपूरच्या बसमध्ये बसायचे. मांडीवर तू दिलेली मधाची बाटली असायची.

आता आठ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. डाळिंबाच्या हस्त बहाराच्या पेट्यांसाठी राण्या तर हव्या होत्या. मी दसऱ्याला आले होते. म्हटलं, दे इकडे ती सुई, मी भरते अळ्या, माझ्याकडे भिंग आहे. तू जरा घुटमळलीस आणि दिलीस. ओसरीवर उजेडात चौकट घेऊन बसलो. तू वाट्या पुढे सरकवत होतीस, मी अळ्या उचलत होते, आणि तू सहज विचारल्यासारखं विचारलंस की दहावीला बाहेरून बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म असतोय, त्याला वय बघत्यात का. मी विचारलं, कुणाला हवाय? तू म्हणालीस, शेजारच्या सुनंदाला.

मी भिंगातून डोळाही काढला नाही. म्हणाले, वय बघत नाहीत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. आणि एवढ्यावर गप्प बसले असते तर मी तुझी बहीण कसली. पुढे म्हणाले, "पण सांग सुनंदाला, पन्नाशीत दहावी करून कुठे कलेक्टर व्हायचंय? गुडघे सांभाळ म्हणावं." तू हसलीस. मीही हसले. माझ्या विनोदाला हसणारी तेवढी तूच होतीस.

बाराव्या दिवशी तुझा फोन आला, येऊन बघून जा म्हणून. मी रविवारी आले. पट्टीतल्या राण्या बाहेर आल्या होत्या, पण कसल्या राण्या. आकार कामकरीहून जरासा मोठा, पोट आखूड, आणि मागच्या पायांवर पराग भरायच्या टोपल्या, ज्या राणीला कधीच नसतात. तू एक माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालीस, ही बघ तुझी राणी, टोपली घेऊन बाजाराला चाललीय. मला कळलं काय झालं ते. मी बारीक अळ्या सोडून, भिंगात ठळक दिसणाऱ्या, सुईवर नीट बसणाऱ्या मोठ्या अळ्या उचलल्या होत्या. पहिल्या दिवशी पोराने करावी अशी चूक. तुला मोतीबिंदूतही ती झाली नसती.

चूक झाली म्हणाले असते तर संपलं असतं. पण मी मॅडम. मी तिथेच उभ्याने धडा घेतला. तिसऱ्या दिवसानंतर अळीच्या जनुकांवर कामकरीच्या खुणा पडायला लागतात, मग तिला राणीचं दूध कितीही पाजा, ती धड राणी होत नाही आणि धड कामकरीही राहत नाही. एकदा वेळ गेली की गेली.

तू विचारलंस, "मग कायबी केलं तरी न्हाई?"

मी म्हणाले, "काहीही केलं तरी नाही."

तू एकेक अर्धवट राणी उचलून चिमटीत मारलीस, कारण तशा पेटीत ठेवून चालत नाही, आणि चहा ठेवायला आत गेलीस. मला वाटलं, राण्या वाया गेल्या म्हणून तू नाराज आहेस. चहाला साखर कमी पडली होती, ते मी बोलूनही दाखवलं.

मी परवा शाळेत गेले ते हे सगळं विसरून. हेडमास्तर तरुण आहेत, माझ्याच कॉलेजचे. त्यांनी लगेच खुर्ची दिली. जनरल रजिस्टरचा जुना खंड काढला, कापडी बांधणीचा, कडेला कसर लागलेला. तुझं माहेरचं नाव सापडायला वेळ लागला नाही. जन्मतारीख जूनमधली आहे, नितीनचं काम झालं. मास्तर ओळीवर पट्टी ठेवून मोठ्याने वाचत गेले, कारण मी चष्मा विसरले होते. इयत्ता सातवी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. प्रगती उत्तम. शाळा सोडण्याचे कारण, घरकाम.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, ही नापास झाली होती. ते म्हणाले, नाही मॅडम, उत्तीर्ण आहे, आणि प्रगतीच्या रकान्यात 'उत्तम' या पानावर एकाच नावापुढे आहे. तेव्हा मला ती कंपासपेटी आठवली. नापास झालेल्या पोरीकडे नवीकोरी कंपासपेटी कुठून आली, हे मी इतक्या वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. तशा पेट्या पहिल्या नंबराला शाळेकडून मिळायच्या, मीच एक मिळवली होती.

मग मास्तर म्हणाले, अडचण एक आहे, मूळ दाखला आधीच दिलेला आहे, शेऱ्यात नोंद आहे, आता दुसरी प्रत मिळेल. तारीख आठ वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, कुणी नेला? त्यांनी कपाटातून अर्जांची फाइल काढली आणि तुझा अर्ज माझ्यापुढे ठेवला. रेघा मारलेल्या पानावर तुझं अक्षर. तारीख दसऱ्यानंतरच्या सोमवारची. म्हणजे मी चुकीच्या अळ्या भरून श्रीरामपूरला गेले आणि त्या राण्या बाहेर यायच्या होत्या, त्या मधल्या दिवसांतली. मी 'कलेक्टर व्हायचंय का' म्हणाले, ते ऐकूनही तू गेली होतीस.

घरी आल्यावर मी कुंपणापाशी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, मी कशाला दहावीला बसू ताई, माझी लग्नाआधीच झालेली आहे. नितीनने तुझी पत्र्याची पेटी उपसली. मोराच्या पिसाच्या सुया सापडल्या, दाखला सापडला नाही. फॉर्म तू भरलाच नव्हतास, हे मात्र नक्की. भरला असतास तर सहीशिक्क्यासाठी माझ्याकडेच आली असतीस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती मला त्या दिवशीही माहीत होती. माझ्या वहीत होती. पोळ्यातल्या म्हाताऱ्या कामकऱ्या, ज्या पिल्लं सांभाळणं सोडून रानोमाळ हिंडायला लागलेल्या असतात, त्यांना पोळ्यात दाईमाश्या उरल्या नाहीत की पुन्हा घरात यावं लागतं. त्या येतात, आणि विसरलेलं काम पुन्हा शिकतात. त्यांच्या जनुकांवरच्या खुणांतल्या कितीतरी पुसून आधीसारख्या होतात. राणी त्या होत नाहीत, ते खरं. पण सगळ्याच खुणा कायमच्या नसतात. तू 'कायबी केलं तरी न्हाई?' असं विचारलंस तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. मला माझी चूक झाकायची होती, म्हणून मी पुस्तकाचं अर्धंच पान वाचलं.

आणि तू. हाताने राण्या घडवणारी बाई. अंडं एकच असतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तू 'अंडंच येगळं' म्हणत राहिलीस. माझ्या वेण्या घालताना एकदा खोटं बोललीस, आणि मला ते पुढे सोसावं म्हणून मरेपर्यंत निभावलंस. मला याचा राग येतो आहे अक्का, आणि राग धरायला तू समोर नाहीस. थँक्यू म्हणायलाही नाहीस. म्हटलं असतं तर 'बाई आल्या शहरातनं' म्हणाली असतीस.

दुसऱ्या प्रतीसाठी मलाही अर्ज लिहावा लागला. कारण काय लिहू म्हणून मी तुझा अर्ज समोर ठेवला. बोलताना जन्मभर 'हाय' म्हणणाऱ्या तू तिथे स्वच्छ 'आहे' लिहिलं होतंस. 'मी या शाळेतून सातवी पास आहे. मला पुढे शिकायचे आहे, तरी दाखला मिळावा.'

अक्का, त्या दिवशी मी माशीचं सांगत होते गं. फक्त माशीचं.